आधी तार, मग माती

मुंबईतल्या डिलाईल रोडवरच्या पोराला गणपतीच्या मूर्तीतलं काही कळत नाही, असं म्हणायची कोणाची छाती नाही. आगमनाच्या मिरवणुकीत गर्दीच्या डोक्यांवरून नुसता मुकुटाचा कोपरा दिसला तरी तो मूर्तिकाराचं नाव सांगतो. डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, सोंडेचं वळण कोणत्या कारखान्याचं, यंदा पितांबराच्या चुण्या जमल्यात की नुसत्या ओढून काढल्यात, यावर चाळीच्या कठड्याला टेकून तो तासभर बोलेल. त्यालाच विचारा, वीस फुटी मूर्तीचा वर उचललेला हात इतके दिवस हवेत कशाच्या जोरावर राहतो? ट्रॉली खड्ड्यांतून गचके खात जाते तेव्हा तो खांद्यातून निखळत का नाही? उत्तर येतं, "आत लोखंड असतं ना!" आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये असं मला वाटतं. आत लोखंड असतं हे खरं, पण ते किती जाड, कोणत्या कोनात वाकवलेलं, पाटाला कुठे जखडलेलं, हे कोणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं. मूर्तिकलेतली निम्मी अक्कल त्या ठरवण्यात आहे आणि आपण ती कलेत धरतच नाही. चेहरा ही कला, आतला सांगाडा म्हणजे सुतार-वेल्डरचं काम, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. ती मोडायची तर सुरुवात शाळेच्या चित्रकलेच्या तासाला करावी लागेल. त्यासाठी एक स्वस्त आणि जुना व्यायाम हाताशी आहे. तार वळून माणसाचा सांगाडा करायचा, त्यावर कातडीपुरतं प्लास्टर चढवायचं आणि काटकुळा माणूस उभा करायचा. गुबगुबीत चालणार नाही. काटकुळाच हवा.

बीडीडी चाळींच्या परिसरातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाचा असा तास मी पाहिला आहे. सामान सगळं याच रस्त्यावरचं होतं. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी बाइंडिंग तार, सुताराकडून मागून आणलेले प्लायचे तुकडे, यू आकाराचे खिळे, दोन पकडी, आणि मेडिकलमधून आणलेलं, हात मोडल्यावर घालतात ते प्लास्टरचं बँडेज. बाइंडिंग तार एकेरी घेतली तर लुळी पडते, म्हणून चार पदर एकत्र धरून पीळ द्यायचा. एका मुलाने पदरांचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं पेन्सिलीला, आणि पेन्सिल गरगर फिरवत बसला. पिळाने तारेला ताठपणा येतो आणि वरच्या प्लास्टरला धरायला खाचाही मिळतात. सरांनी हे सांगितलं नाही. पिळाची आणि बिनपिळाची अशा दोन तारा हातात दिल्या आणि वाकवून बघा म्हणाले.

मग लांब तार मधोमध दुमडून डोक्याचा फासा केला. खाली मानेला दोन पीळ, तिथून दोन्ही बाजूंना हात काढून तार परत आत, पाठीच्या कण्याला पीळ, कमरेशी फाटा आणि दोन पाय. पायांची टोकं टाचेखाली चांगली लांब सोडायची, प्लायला पाडलेल्या भोकांतून खाली ओवायची, दुमडायची आणि खिळ्याने ठोकायची. खांद्याच्या आणि कमरेच्या जागी आइस्क्रीमच्या काडीचा एकेक तुकडा आडवा बांधायचा. फूटभर उंचीचा तारेचा माणूस तयार. सरांचा नियम एकच होता. माणूस नुसत्या तारेवर उभा राहिल्याशिवाय प्लास्टरला हात लावायचा नाही. परीक्षाही तिथल्या तिथे. पंखा पाचवर करायचा आणि सगळी माणसं खाली मांडायची. डोलला तो नापास.

पहिल्या फेरीत बहुतेक नापास झाले. "सर, माझा माणूस सारखा बसतोय," एका मुलीची तक्रार. तिने धावणारा माणूस केला होता, एक पाय मागे हवेत, दोन्ही हात पुढे. सर म्हणाले, "त्याला विचार, बाबा, तुझं वजन कुठाय?" वर्ग हसला. मग सरांनी तिलाच तशा पवित्र्यात उभं केलं. ती डगमगली आणि तिची कंबर आपोआप टेकलेल्या पायाकडे सरकली. "आत्ता काय केलंस?" तिने उत्तर दिलं नाही. पकड घेतली, तारेच्या कमरेची काडी तिरकी केली, खांद्याची काडी उलट्या बाजूला कलवली. माणूस पंख्याखाली टिकला. मागच्या बाकावरचा एक मुलगा दहीहंडीत खालच्या थराला असतो. त्याला काहीच समजवावं लागलं नाही. त्याच्या माणसाने गुडघे किंचित वाकवले होते, पाय फाकवले होते, मान आत घेतली होती. अंगावर तीन थर घेतलेल्याला भार कुठून कुठे उतरतो ते पुस्तकातून शिकायला लागत नाही.

त्या मुलीने दोन काड्या उलटसुलट कलवल्या आणि तिच्या नकळत त्रिभंगाची अर्धी वाट चालली. वेरूळला गाइड त्रिभंग दाखवतात ते लालित्य म्हणून. लालित्य त्यात आहेच, पण त्याआधी त्यात भाराचा हिशेब आहे. माणूस एका पायावर रेलला की त्या बाजूची कंबर वर येते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो, आणि मानेच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो टेकलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. गवंड्याला भिंतीबाबत जे कळतं ते शिल्पकाराला शरीराबाबत कळायला हवं. त्रिभंगाचं चित्र काढून हे कळत नाही, कारण चित्र पडत नाही.

काटकुळेपणाचा आग्रह एवढ्यासाठीच. मातीत काम करणाऱ्या नवशिक्याच्या काही खोडी ठरलेल्या असतात. पाय लटपटला की पायाशी माती थापायची, मान कलली की मानेमागे केस मोकळे सोडायचे, काहीच जमेना तर बाजूला झाडाचा बुंधा उभा करायचा. संगमरवरात काम करणाऱ्यांना बुंधा टाळता येत नाही, कारण दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही. म्हणून युरोपातल्या जुन्या संगमरवरी देवांच्या पोटऱ्यांना बुंधे चिकटलेले असतात, आणि आपल्या लेण्यांतले देव पाठीमागच्या शिळेला धरून असतात. तो माध्यमाचा नाइलाज झाला. चुकीवर मांस चढवणं हा निराळा प्रकार. काटकुळ्या माणसाला ती सोय नाही. तारेत झालेली चूक प्लास्टरातही तशीच दिसते, उलट जास्तच दिसते.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं नीट लागत नाही. ओली माती सुकताना आकसते, आतली तार आकसत नाही. म्हणून सांगाड्यावर चढवलेली माती सुकू दिली की ठिकठिकाणी तडकते. ती भट्टीतही जात नाही. भाजायची मूर्ती म्हणूनच कुंभार पोकळ करतो आणि आत काही ठेवत नाही. कला महाविद्यालयांत पूर्णाकृती मातीकाम करताना मागून लोखंडी सळईचा आधार देतात. सळईला तारेने लाकडी पट्ट्यांच्या छोट्या फुल्या टांगतात, त्यांना विद्यार्थी बटरफ्लाय म्हणतात. मातीचा गोळा त्या फुल्यांवर बसतो आणि स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. काम संपेपर्यंत मातीवर ओलं फडकं आणि प्लॅस्टिक. शेवटी प्लास्टरचा साचा घेतला की माती आणि सांगाडा दोन्ही निघून जातात. म्हणजे ज्याने महिनाभर सगळं तोलून धरलं त्याचा शेवटच्या कामात मागमूस उरत नाही. गणपतराव म्हात्र्यांची १८९६ ची 'मंदिरपथगामिनी' पाहताना आतल्या आधाराचा विचार कोणी करत नाही, आणि रसिकाने करूही नये. साडीच्या चुण्यांखाली शरीराचा तोल बरोबर आहे म्हणून ती चालते आहे असं वाटतं, एवढं त्याला पुरे. शिकणाऱ्याला मात्र ते पुरत नाही.

नामवंतही यात फसले आहेत. एडगर देगाची चौदा वर्षांची नर्तकी १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. मेणाची मूर्ती, अंगावर खरा झगा. पुढे तिच्या आतले फोटो क्ष-किरणांनी काढले तेव्हा तारा आणि दोर यांच्या जोडीला चित्रकाराचे जुने ब्रश सापडले. हाताशी येईल ते आत कोंबायची देगाची पद्धत होती, आणि तिची किंमत त्याने मोजली. १९१७ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या स्टुडिओत मेण-मातीच्या दीडशेच्या आसपास आकृत्या मिळाल्या. त्यांतल्या कितीतरी मोडून पडलेल्या होत्या. ब्राँझमध्ये ओतण्याजोग्या निघाल्या त्या साधारण निम्म्या. नजर देगाची, पण सांगाडा भंगारातला.

आता काटकुळ्या माणसांचा विषय निघाला की जाकोमेत्तीचं नाव येणारच. आलबेर्तो जाकोमेत्ती, जन्म १९०१, मूळचा स्विस, आयुष्य पॅरिसमधल्या एका कोंदट स्टुडिओत गेलं. तारेवर प्लास्टर चढवायचं, सुरीने खरवडायचं, परत चढवायचं, परत खरवडायचं, ही त्याची रीत. १९६० चा त्याचा 'चालणारा माणूस' उंचीला माणसाएवढा, जाडीला काठीएवढा. सार्त्रने १९४८ मध्ये त्याच्या प्रदर्शनासाठी लेख लिहिला आणि तेव्हापासून ही माणसं युद्धोत्तर युरोपचा एकाकीपणा सांगतात असं ठरून गेलं. आपल्याकडचे कलाशिक्षक जाकोमेत्ती शिकवतात ते याच वाक्यापासून. फळ्यावर 'आधुनिक माणसाचं एकाकीपण' असं लिहायचं आणि मुलांनी एकाकी माणूस करून आणायचा. मग वर्गात चाळीस काटकुळी, मान खाली घातलेली, उदास माणसं उभी राहतात आणि चाळीसही पंख्याखाली आडवी होतात.

माझा या शिकवण्याला विरोध आहे. चौदा वर्षांच्या मुलाला एकाकीपण कळत नाही अशातला भाग नाही. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सात-आठ जणांत वाढणाऱ्याला ते कदाचित जास्तच कळत असेल. पण अर्थ आधी आणि आकृती नंतर, असा क्रम लावला की मुलं अर्थाची चित्रं काढू लागतात. जाकोमेत्तीचा चालणारा माणूस आधी नीट बघावा. तो पुढे झुकला आहे, मागची टाच उचललेली आहे, आणि पावलं शरीराच्या मानाने बेढब मोठी आहेत. एवढा सडसडीत माणूस एवढा झुकवायचा तर खाली जडपणा लागतो. त्या पावलांत कारागिरी आहे, एकाकीपण आपण नंतर वाचतो. (हा एकाकी माणूस मुळात न्यूयॉर्कच्या एका बँकेच्या चौकासाठी योजलेला होता, तिथे तो लागला नाही, आणि पुढे स्वित्झर्लंडच्या शंभर फ्रँकच्या नोटेवर जाऊन बसला. असो.)

सडपातळ आकृती म्हणजे युरोपची नक्कल, हा या व्यायामावरचा एक आक्षेप. तो तर टिकतच नाही. १९७४ मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला शेतकऱ्याच्या कुदळीला ब्राँझचा रथ लागला. त्या रथावर उभा असलेला माणूस लांबट, सडसडीत आहे आणि त्याच्या पुढचे बैलही तसेच. तीन-चार हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीत ही आकृती ओतून झालेली आहे. डहाणूकडच्या वारल्यांनी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस केला आणि हातापायांच्या जागी नुसत्या रेघा ओढल्या. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतली तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं बघा. दोन त्रिकोण जिथे टेकतात ती कंबर, आणि ती इकडची तिकडे झाली की माणूस नाचायला लागतो किंवा ओझं उचलायला वाकतो. चित्रकलेत तारेचा सांगाडा याहून नेमका कोणी दाखवलेला मला माहीत नाही. शाळेतल्या मुलांना आधी वारली काढू द्यावी, मग तीच आकृती तारेत वळू द्यावी. जाकोमेत्ती नंतर सावकाश येईल.

कृशपणाला भुकेचा अर्थही असतो. तो सोमनाथ होर यांच्या ब्राँझमध्ये आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यांच्या फाटक्या, बरगड्या निघालेल्या आकृत्या त्याच्याशी जोडलेल्या आहेत. गिरणगावालाही या अर्थाची ओळख आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर डिलाईल रोडच्या घराघरांत माणसं कशी वाळली हे त्या पिढीला विचारावं. कोणी विद्यार्थी आजोबांची आठवण काढून तसा माणूस करील तर त्याला नक्की करू द्यावा. शिक्षकाने तो अर्थ विषय म्हणून फळ्यावर लिहू नये एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप मला खरा जड वाटतो, कारण तो जाणत्याने घेतला. परळच्या कारखान्यातल्या एका जुन्या मूर्तिकारांना मी हा व्यायाम सांगितला. ते हसले. "अहो, आमच्यात उलटं असतं. आधी अंग, मग हाडं." त्यांचं बरोबर आहे. साच्यात पीओपी आणि काथ्या घालून मूर्तीचे भाग काढतात, पोकळ टरफलासारखे. ते जोडत जोडत वर चढायचं आणि आतून लाकडाचा, लोखंडाचा आधार देत जायचं. तारेवर माती चढवत बसलं तर गणेशचतुर्थी कार्तिकात येईल. या पद्धतीने लालबाग-परळने जे करून दाखवलं त्याला तोड नाही. १९७७ मध्ये गणेश गल्लीत दीनानाथ वेलिंगांनी २२ फुटी गणपती उभा केला आणि उंच मूर्तींचं युग सुरू झालं. तेव्हा या लोकांना आधी तार वळा म्हणून शिकवणारा मी कोण?

पण साचा कशावरून काढतात? मूळ नमुन्यावरून. तो नमुना कोणीतरी हाताने, मातीत, आधार देऊन घडवलेला असतो. आणि मंडळांना आता दरवर्षी नवा पवित्रा हवा असतो. यंदा एका पायावर नाचणारा, पुढच्या वर्षी गरुडावर बसलेला, त्याच्या पुढच्या वर्षी धनुष्य ताणलेला. बैठा गणपती हा पिरॅमिडसारखा आकार आहे, त्याचा भार आपसूक खाली उतरतो. एका पायावरचा गणपती तसा नाही. तिथे आतलं लोखंड आधी मनात उभं करावं लागतं. त्यात पीओपीवरचे निर्बंध. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हापासून कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. शाडू पीओपीपेक्षा जड, ठिसूळ आणि सुकायला वेळखाऊ. शाडूकडे वळायचं असेल तर आतला आधार जास्त नीट कळायला हवा. त्या मूर्तिकारांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ते आमचा वेल्डर बघतो." वेल्डरचं नाव मी विचारलं. त्यांना फक्त हाकेचं नाव माहीत होतं.

विसर्जनाच्या मूर्तीचा सांगाडा काही दिवस आणि एक मिरवणूक पेलली की सुटला. कायमच्या पुतळ्याचा हिशेब वेगळा असतो, वारा, पाऊस, खारी हवा आणि वर्षं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. सुरुवातीला वाऱ्याला दोष दिला गेला. नंतर चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं दिली. कोणाचा गुन्हा किती हे न्यायालयाने ठरवावं. मला त्या दिवसांतल्या चर्चेबद्दल बोलायचं आहे. पुतळा उभा असताना त्याच्याविषयी जे बोललं गेलं ते सगळं चेहऱ्याबद्दल, पेहरावाबद्दल, तलवारीबद्दल. तो मुद्दा बरोबरच होता, महाराजांच्या चेहऱ्यात चूक खपवून घेता कामा नये. पण समुद्रकाठच्या वाऱ्यात एवढी उंची कशावर उभी आहे, हा प्रश्न जाहीरपणे फारसा कोणी विचारला नाही. पडल्यावर सगळे नट-बोल्टांचे जाणकार झाले.

न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवतेचं उदाहरण याला लागू आहे. तिचं तांब्याचं कातडं अडीच मिलिमीटरही जाड नाही. १८८६ पासून ती उभी आहे ती आयफेलच्या कारखान्यातल्या लोखंडी सांगाड्यावर. कातडं तांब्याचं आणि आतल्या पट्ट्या लोखंडाच्या, खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने गंजतं. हे तेव्हाही माहीत होतं म्हणून मध्ये अस्तर घातलं होतं. अस्तर झिजलं, लोखंड गंजून फुगलं. शंभरी जवळ आली तेव्हा, १९८४ ते ८६ मध्ये, आतल्या शेकडो पट्ट्या एकेक करून काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या.  तिथे आतल्या सांगाड्याकडे कोणीतरी नीट बघितलं, म्हणून दुरुस्ती झाली. आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांच्या आतली रेखाचित्रं किती नगरपालिकांकडे आहेत, हे माहितीच्या अधिकारात एकदा विचारून बघण्यासारखं आहे.

आणि डिलाईल रोडला सांगाड्याचं महत्त्व पटवून द्यायची गरजच पडू नये. जुलै २०१८ मध्ये अंधेरीचा गोखले पूल खचला, त्याच महिन्यात तपासणी होऊन लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक ठरला आणि बंद झाला. वरून तो चांगला दिसत होता, बसगाड्या जात होत्या. पुढची पाच वर्षं लोकांनी वळसे घातले. २०२२ मध्ये हजार टनांहून जड असे दोन गर्डर रेल्वेमार्गांवर सरकवले गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूल पूर्ण खुला झाला. दरम्यान डिलाईल रोडच्या, म्हणजे ना. म. जोशी मार्गाच्या, बत्तीस बीडीडी चाळींचं पाडकाम सुरू झालं. विसाच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने काँक्रीटमध्ये बांधलेल्या त्या इमारती फुटल्या तेव्हा शंभर वर्षांच्या सळ्या उघड्या पडल्या आणि जाता-येता शाळेची मुलं त्या बघत होती. मुलांच्या डोळ्यांसमोर एवढं सगळं उघडं असताना चित्रकलेच्या तासाला त्यांनी काय काढावं? तर फुलदाणी.

हे चेष्टेने म्हणत नाही. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, हे महाराष्ट्राने केलेलं मोठं काम आहे. गिरणगावातल्या किती मुलांच्या हातात ब्रश आला तो या परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, सगळं शिस्तीचं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही पाठवतात. पण या परीक्षांतलं सगळं काम सपाट कागदावरचं आहे. मूर्तिकारांच्या वस्तीत वाढलेला मुलगा इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळवतो आणि तोवर शाळेने त्याच्या हातात उभी राहणारी एकही वस्तू दिलेली नसते. विनायक पांडुरंग करमरकर सासवण्याच्या गणपती करणाऱ्या घरात वाढले, घरी माती हाताळली, मग जे. जे. मध्ये गेले आणि १९२८ मध्ये पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवून उभे राहिले. घरात माती होती म्हणून त्यांचं निभावलं. ज्याच्या घरात ती नाही त्याने ती शाळेतच शिकायची.

खर्चाची सबब सांगू नये. बाइंडिंग तार, प्लायचे तुकडे आणि बँडेजच्या पट्ट्या यांना रंगपेटीपेक्षा कमी पैसे लागतात. वेळेची सबब थोडी खरी आहे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो आणि प्लास्टर वाळायला वेळ लागतो. लागोपाठ दोन तास द्यावेत, वर्षातून चार वेळा. गुण कसे द्यायचे हा प्रश्न तर मला सगळ्यांत सोपा वाटतो. फुलदाणीच्या छायाप्रकाशाला गुण देताना परीक्षकांत मतभेद होतात, पंख्याखाली होत नाहीत. तेव्हा कला संचालनालयाने इंटरमिजिएटला एक छोटं त्रिमितीय प्रात्यक्षिक ठेवावं, फूटभर उंचीची, एका पायावर भार घेतलेली, स्वतःच्या बळावर उभी राहणारी मानवाकृती. सुरुवातीला ऐच्छिक ठेवा, पण ठेवा.

आणि मंडळांना एक विनंती. मूर्ती घडत असताना पडदे लावून ठेवता, चेहरा आधी दिसू नये म्हणून. ते ठीक आहे, त्या उत्सुकतेची मजा आम्हालाही हवी. पण अंग पुरतं बंद होण्याआधी, आतला सांगाडा उघडा असताना, एका रविवारी आजूबाजूच्या शाळांतल्या मुलांना कारखान्यात येऊ द्या. मूर्तिकारांनी आणि वेल्डरने त्यांना दाखवावं, हा हात इथून का निघतो, ही कैची इथेच का. आणि मंडळाच्या बॅनरवर मूर्तिकाराच्या नावाखाली वेल्डरचं नाव छापा, पूर्ण नाव.